चुकीच्या माशीचा पाठलाग

माझ्या लहानपणी आमच्या गोठ्यात ढवळ्या नावाचा एक बैल होता. एका पावसाळ्यात जू घासून त्याच्या मानेवर रुपयाएवढी जखम झाली. पेरणीची घाई होती, त्यामुळे कोणी फारसे लक्ष दिले नाही. चार दिवसांनी ढवळ्याने चारा सोडला. तो एका जागी उभा राहून मान झटकू लागला आणि जवळ गेले की एक कुबट, गोडसर वास येऊ लागला. दादांनी कंदील धरून जखम पाहिली आणि एवढेच म्हणाले, "किडे पडलेत."

मग आजीने सीताफळाचा पाला आणवला, तो पाट्यावर वाटला आणि जखमेत गच्च भरून वर फडके बांधले. दुसऱ्या दिवशी फडके सोडले तेव्हा ज्या अळ्या बाहेर पडल्या, त्यांचे वर्णन मी सणासुदीच्या या पानांवर करीत नाही. ढवळ्या वाचला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी मात्र सूड घ्यायचे ठरवले. एक जुनी वहाण घेतली आणि मागच्या दारच्या उकिरड्यावर बसलेल्या हिरव्या-निळ्या माश्या दुपारभर मारीत राहिलो. आजी ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, "अरे, त्या उकिरड्यावरच्या. त्यांचा ढवळ्याशी काय संबंध?"

मी म्हणालो, "आजी, माशी ती माशीच!"

पुढे मी शाळामास्तर झालो, कादंबऱ्याही लिहू लागलो. पण माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, आणि शास्त्राची गोडी वाचनातून लागलेली. अशाच वाचनात एक हकिकत हाती आली आणि त्या दुपारची आठवण होऊन हसू आले. एका बलाढ्य, सुशिक्षित देशाने कित्येक वर्षे नेमके माझेच काम मोठ्या प्रमाणावर केले होते. उकिरड्यावरची माशी मारायची, आणि गोठ्यातली मोकळी सोडायची! ती चूक कशी झाली, कोणी दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीतून काय निघाले, याची ही कथा.

कथा अमेरिका खंडातली आहे. तिथे गुरांच्या जखमेत पडणाऱ्या एका अळीला लोक 'स्क्रूची अळी' म्हणतात. अळीच्या अंगावर बारीक काट्यांची कडी असतात, त्यामुळे ती पिळाच्या खिळ्यासारखी दिसते. आणि खिळ्यासारखीच ती मांसात डोके खुपसून आत शिरते. मादी जखमेच्या काठावर एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालते. दिवसभरात अंडी फुटतात. अळ्या पाच ते सात दिवस जिवंत मांस खातात, मग जमिनीवर गळून पडतात, मातीत कोश करतात आणि त्यातून नवी माशी निघते. अळ्यांनी जखम मोठी केली की तिच्या वासाने आणखी माद्या येतात. उपचार झाला नाही, तर भलाथोरला बैलही आठ-दहा दिवसांत आडवा होतो.

जखम मोठी असायला हवी असेही नाही. गोचीड चावल्याची खूण, काटेरी तारेचा ओरखडा, डाग दिल्याचा व्रण, एवढे पुरते. सर्वांत सोपी शिकार म्हणजे नुकते जन्मलेले वासरू. त्याची नाळ वाळलेली नसते; माशी तिथेच अंडी घालते. टेक्सासमधील गुराख्यांना उन्हाळ्यात रोज घोड्यावर बसून रानभर पसरलेला कळप धुंडाळावा लागे, आणि एकेक वासरू पाडून त्याची बेंबी तपासावी लागे.

मग हे संकट कोण आणते? शेतीखात्यातल्या जाणकारांचे उत्तर तयार होते. मेलेल्या जनावरांवर लाखोंनी घोंघावणारी एक निळसर-हिरवी माशी होती. तिचे शास्त्रीय नाव मॅसेलारिया. फॅब्रिशियस या डॅनिश पंडिताने ते १७७५ साली ठेवले होते. जुन्या जखमेतल्या अळ्या पाळून पाहिल्या तर त्यांतूनही पुष्कळदा हीच माशी निघे. पुरावा भक्कम होता. तेव्हा फर्मान निघाले: मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा, आणि माश्या पकडण्याचे पिंजरे लावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत शेतकऱ्यांनी हे इमानाने केले. पिंजरे माश्यांनी भरभरून जात. एवढ्या माश्या मेल्यावर रोग हटायला हवा होता. पण वासरांच्या बेंबीत अळ्या पडतच राहिल्या.

अशा वेळी माणूस काय म्हणतो? म्हणतो, आपले प्रयत्न कमी पडले. आणखी पिंजरे लावा. आपण भलत्याच्याच मागे लागलो आहोत, ही शंका सर्वांत शेवटी येते.

ती शंका ज्यांना आली त्यांतला एक होता एमरी कुशिंग. अमेरिकेच्या शेतीखात्यातला हा कीटकशास्त्रज्ञ इंग्लंडात लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत अभ्यासासाठी गेला. तिथे त्याला गुरू भेटले ते वॉल्टर पॅटन. आणि हे पॅटन आपल्याला अगदीच परके नाहीत. त्यांची उमेदीची वर्षे हिंदुस्थानात गेली होती.

पॅटन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मद्रासजवळ गिंडी येथील किंग संस्थेत त्यांनी काम केले. रोग पसरवणाऱ्या कीटकांवर क्रॅग या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्या विषयाच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांत गणला गेला. या माणसाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी स्वतः एकदा मोठी चूक केली होती. काळा-आजार हा रोग ढेकूण पसरवतो, असे मत त्यांनी १९०७ साली मांडले आणि ते पुष्कळ वर्षे धरून ठेवले. खरा गुन्हेगार होती इवलीशी वाळूमाशी; स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली ते निर्विवाद सिद्ध केले. एका किड्याचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी कसा मारला जातो, याचा धडा पॅटन यांच्याच आयुष्यात होता.

पण हिंदुस्थानातच त्यांनी दुसरेही एक काम केले, आणि ते पक्के ठरले. आपल्याकडे जखमेत किडे पडण्याचा प्रकार सर्रास. नाकात अळ्या पडण्याच्या दुखण्याला उत्तरेकडे 'पीनस' म्हणतात. या अळ्या कोणत्या माशीच्या, याचा पॅटन यांनी कसून शोध घेतला. उकिरड्यावर आणि मेलेल्या ढोरावर बसणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्या आपल्याकडे थोड्या नाहीत. पण १९२० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की जिवंत माणसाच्या आणि जनावराच्या जखमेत वाढणारी प्रमुख माशी निराळी आहे. तिचे नाव क्रायसोमिया बेझियाना. व्हिलन्यूव्ह या फ्रेंच शास्त्रज्ञाने कांगोतल्या नमुन्यांवरून १९१४ साली ते नाव दिले होते. ही माशी सडक्या मांसात अंडी घालतच नाही. तिला जिवंत मांस लागते. म्हणजे ढवळ्याला छळणारी माशी बहुधा हीच, आणि त्या दुपारी वहाणेखाली मेलेल्या माश्यांची मला माफी मागायला हवी!

हे जुन्या जगात खरे, तर नव्या जगात का नसावे? अमेरिकेतही एकीऐवजी दोन माश्या असतील, एक मेलेल्यावर जगणारी आणि एक जिवंतावर, तर? प्रश्न सोपा, पण उत्तर अवघड. कारण दोघी दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी. तोच निळसर-हिरवा झळाळ, पाठीवर त्याच तीन काळ्या रेघा, तसेच तांबूस डोळे. नुसत्या नजरेने पाहून पंडितही फसले होते.

तेव्हा गुरुशिष्यांनी रंगरूप बाजूला ठेवले आणि शरीररचनेकडे वळले. कीटकाचे हाडकूळ बाहेर असते. आपल्या नखासारख्या कठीण पदार्थाचे ते कवच. नर माशीच्या पोटाच्या टोकाशी प्रजननाचे जे अवयव असतात, तेही याच कठीण पदार्थाचे, वाकड्या आकड्यांचे आणि पट्ट्यांचे बनलेले असतात. ते एरवी पोटात मिटलेले, बाहेरून दिसत नाहीत. पोटाचे टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवले की मऊ भाग विरघळतो आणि हे आकडे स्वच्छ उरतात. मग ते काचेवर मांडायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि शांतपणे पेन्सिलीने चित्र काढायचे. रंग उन्हाने विटतो, अंगाचा आकार अळीला खाणे किती मिळाले त्यावर लहानमोठा होतो. पण या अवयवांची घडण एका जातीत जशीच्या तशी राहते, आणि जवळच्या दुसऱ्या जातीत वेगळी असते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कुलपांच्या किल्ल्या वेगळ्या असाव्यात, तसे हे. पॅटन या विद्येत मुरलेले होते.

अमेरिकेतून आलेले नमुने असे उघडून पाहिले, आणि संशय फिटला. दोन प्रकारचे नर होते, मधले कोणी नव्हते. मेलेल्या जनावरावरची ती मॅसेलारिया. जिवंताच्या जखमेतली ती साफ निराळी. १९३३ साली कुशिंग आणि पॅटन यांनी निबंध प्रसिद्ध करून या दुसरीला 'अमेरिकाना' असे नवे नाव दिले.

एकदा वेगळ्या आहेत हे कळल्यावर बाकीच्या खुणाही दिसू लागल्या. चेहऱ्याच्या कडेची बारीक लव एकीची काळी, दुसरीची फिकट पिवळी. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची खूण निघाली ती अळीत. अळीच्या अंगात श्वासाच्या दोन नळ्या असतात. जिवंत मांस खाणाऱ्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या अळीत या नळ्या शेपटाकडच्या भागात काळ्याभोर असतात आणि पातळ कातडीतून दोन रेघांसारख्या दिसतात. दुसरीत त्या रंगहीन. कित्येक वर्षे जे पंडितांना उमगले नाही, ते आता गुरांचा डॉक्टर गोठ्यात उभा राहून भिंगाच्या मदतीने सांगू शकत होता. तुम्ही वर्गात पाहिले असेल: कोड्याचे उत्तर कळेपर्यंत चित्रात दुसरा चेहरा दिसत नाही, आणि एकदा दिसला की मग तो लपत नाही.

आता जुना पुरावा कसा फसवा होता, तेही उलगडले. जिवंत मांस खाणारी माशी आधी जखमेत शिरे. जखम सडू लागली की वासाने मॅसेलारिया मागाहून येई. चोर निघून गेल्यावर दार उघडे पाहून आत डोकावलेला वाटसरू पकडला जावा, तशी तिची गत झाली. आणि पिंजऱ्यांत सापडत ती तीच, कारण तिचीच संख्या अफाट. खरी शत्रू माशी संख्येने फार थोडी आणि सडक्या मांसाच्या आमिषाला फारशी न भुलणारी. मेलेली ढोरे जाळून तिचे एक अंडेही नष्ट होत नव्हते.

कथेत एक चटका लावणारी गोष्ट आणखी आहे. फ्रान्सने दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या गयाना वसाहतीत काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी छावण्या उघडल्या होत्या. तिथे केयेन येथे माणसाच्या नाकावरच्या पोकळीत अळ्या पडून झालेल्या भयंकर दुखण्याची हकिकत १८५८ साली कॉकरेल नावाच्या फ्रेंच आरमारी डॉक्टराने लिहून ठेवली होती. त्याने त्या अळ्यांच्या माशीला नावही दिले होते: होमिनिव्होरॅक्स, म्हणजे माणूस खाणारी. पण मागाहूनच्या विद्वानांनी ही आणि मॅसेलारिया एकच असे मानून ते नाव अडगळीत टाकले. कुशिंग-पॅटन यांची 'अमेरिकाना' ही कॉकरेलचीच माशी आहे हे नंतर ध्यानात आले आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे जुने नाव पुन्हा गादीवर बसले. गंमत अशी, की मॅसेलारिया हा शब्द मांसाच्या बाजारावरून आलेला. एक मांसबाजारातली आणि एक माणूस खाणारी! दोघींच्या कुंडल्या त्यांच्या नावांतच लिहिलेल्या होत्या. पंचाहत्तर वर्षे कोणी त्या मिळवून पाहिल्या नाहीत.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, दोन माश्या निराळ्या ठरल्या; गुराख्याच्या पदरात काय पडले? त्याच १९३३ साली दुष्काळामुळे नैर्ऋत्येकडची गुरे गाडीने पूर्वेकडे जॉर्जियाला गेली आणि त्यांच्याबरोबर ही माशीही गेली. पाहता पाहता ती फ्लॉरिडात पसरली. गुराख्याला सूक्ष्मदर्शकाचे काय कौतुक!

पण शत्रू नेमका कोण हे कळल्यावरच त्याच्या सवयींचा अभ्यास सुरू झाला. टेक्सासमध्ये एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड हे दोन तरुण या कामाला लागले. बुशलँड आणि त्यांचे सहकारी मेल्विन यांनी १९३६ साली ही माशी खिमा व रक्त यांच्या मिश्रणावर प्रयोगशाळेत वाढवण्याची युक्ती शोधली. निपलिंग यांनी तिच्या संसाराकडे पाहिले. त्यांच्या ध्यानात आले, की मादी आयुष्यात बहुधा एकदाच नराशी संग करते. यावरून त्यांना एक विलक्षण कल्पना सुचली. वांझ नर लाखोंनी वाढवून रानात सोडले तर? ज्या मादीची गाठ अशा नराशी पडेल तिची सारी अंडी फुकट. आपण वर्गात हिशेब घालतो तसा घाला: रानात एक हजार नर असतील आणि आपण नऊ हजार वांझ नर सोडले, तर दहांतली एकच मादी फळते. पुढच्या पिढीत माश्या थोड्या, आणि सोडलेले नर तितकेच. मग शंभरांत जेमतेम एकच फळते. अंकगणितच माशीला खाऊन टाकते.

पुष्कळांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. नरांना वांझ करायचे कसे, हाही प्रश्न होताच. क्ष-किरणांनी फळमाशीच्या पिढ्यांत बदल घडवून नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मुलर यांना निपलिंग यांनी १९५० साली पत्र लिहून विचारले. उत्तर उत्साहवर्धक आले. बुशलँड यांनी कोश क्ष-किरणांखाली धरून पाहिले. माश्या निघाल्या, उडाल्या, माद्यांच्या मागे लागल्या. पण अंडी फळली नाहीत. फ्लॉरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावर पहिला प्रयोग झाला. पण किनारा जवळ, तिकडून नव्या माश्या येत राहिल्या. मग १९५४ साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर, मुख्य भूमीपासून दूर, विमानातून वांझ माश्या सोडल्या. काही महिन्यांतच बेटावरच्या शेळ्यांच्या जखमांत अळी दिसेनाशी झाली.

इथे जरा थांबून विचार करा. एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या मादीच्या कामाचा नसतो. हेच तर त्या वाकड्या आकड्यांतून पॅटन आणि कुशिंग यांनी वाचले होते. दोन माश्यांचा घोळ तसाच राहिला असता आणि चुकून मॅसेलारियाचे कोट्यवधी वांझ नर आकाशातून सोडले असते, तर एकही वासरू वाचले नसते. मोहिमेचा पहिला दगड १९३३ सालच्या त्या काचपट्टीवर बसवलेला होता.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९५९ च्या अखेरीस अमेरिकेचा आग्नेय भाग मोकळा झाला. १९६६ साली सारा देश मुक्त झाल्याचे जाहीर झाले. १९७२ साली माशी एकदम उसळली आणि सुमारे ९५,००० गुरांना लागण झाली. शेजारच्या देशातही तिला गाठल्यावाचून सुटका नाही, हे तेव्हा पटले. मेक्सिकोत मोठा कारखाना निघाला, आणि १९९१ साली तो देशही मुक्त ठरला. १९८८ साली ही माशी समुद्र ओलांडून लिबियात पोहोचली, तेव्हा मेक्सिकोतून विमाने भरभरून वांझ माश्या नेल्या आणि आफ्रिकेवरचे संकट टाळले. २००६ पर्यंत पनामापासून उत्तरेकडचा मुलूख साफ झाला आणि तिथल्या अरुंद पट्ट्यात वांझ माश्यांची भिंत उभी राहिली. निपलिंग आणि बुशलँड यांना १९९२ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

भिंत म्हटली की पहारा आला. २०२३ साली पनामात रोगी जनावरांची संख्या एकाएकी वाढली. माशी मध्य अमेरिका चढत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पुन्हा सापडली. अमेरिकेने तिकडून येणारी गुरे अडवली. पुन्हा गोठ्यागोठ्यांतून अळ्या कुपीत भरून प्रयोगशाळेकडे जाऊ लागल्या, आणि पुन्हा पहिला प्रश्न तोच: ही दोघींतली कोणती? श्वासाच्या नळ्या काळ्या आहेत काय?

आपल्याकडची बेझियाना मात्र अजून नांदते आहे. तिच्यासाठी अशी मोहीम आपल्या देशात झाली नाही. आपली भिस्त डॉक्टरांच्या औषधावर, जखम झाकण्यावर आणि मालकाच्या नजरेवर. तेव्हा वाचकांना एक विनंती. गोठ्यातल्या जनावराची जखम, वासराची नाळ, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे पाठीचे व्रण रोज पाहा. माशीला एक दिवस पुरतो.

राहिली ती मॅसेलारिया. बिचारी मेलेली ढोरे खाऊन रान स्वच्छ करीत होती. तिच्यासारख्या माश्यांवाचून रानात प्रेतांचे ढीग साचतील. जखम सडल्यावर तीही थोडा हात मारते, हा तिचा अपराध खरा. पण जो अपराध तिच्या नावावर घातला गेला तो तिचा नव्हता.

यंदा वसुबारसेला गावी गेलो होतो. ढवळ्या केव्हाच गेला, आजीही गेली. गोठ्यात एक गाय आणि तिचे वासरू आहे. माझा धाकटा मुलगा वर्तमानपत्राची सुरळी करून उकिरड्याकडे धावला. मी ओट्यावर बसलो होतो. त्याला हाक मारून जवळ बसवले, आणि ही सारी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.